नर्मदेचा दिवस

आमच्या नळाला नर्मदा येते, एक दिवसाआड,
सकाळी सव्वासहा ते सात.
बोरिंगच्या पाण्यानं केसांचा काथ्या होतो,
म्हणून शरयूचं न्हाणं
पंचांग बघून नाही, नळ बघून ठरतं.

उजवा खांदा आखडला तेव्हापासून
हात कानाच्या वर जात नाही.
डॉक्टर म्हणाले, सहा महिने. कदाचित आठ.
पहिले दोन आठवडे शेजारच्या चौकसे काकू आल्या,
मग त्या सुनेच्या बाळंतपणाला उज्जैनला गेल्या
आणि न्हाणीत मी उरलो.

राजवाड्यामागच्या फुटपाथवर ब्रश घेतला.
चाळीसला एक. "सत्तर में दो ले जाओ, अंकल."
डोकं एकच आहे, मी म्हणालो.
जांभळा, अर्ध्या लिंबाएवढा, रबरी दात्यांचा.
दाबले तर वाकतात, सोडले तर
काही झालंच नाही असे उभे राहतात.
मागे कडी, दोन बोटं घालायला.
शरयूनं उलटासुलटा करून पाहिला:
"भांडी घासायचा नाही ना आणलात?"

मी वजनमापे खात्यातला माणूस.
एकतीस वर्षं सियागंजात काटे तपासले.
पारड्याच्या बुडाला चिकटवलेली चिंच
दुकानाच्या पायरीवरून ओळखायचो,
पाच ग्रॅमची खोट तळहाताला कळायची.
आणि इथे, स्टुलावर, पाठमोरी बसलेली ही
म्हणते, "हलकं. मसाला वाटताय का?"
मग म्हणते, "आता लागतच नाहीये."
मधलं वजन
माझ्या पेटीत कधी नव्हतंच.

शिकलो हळूहळू.
आधी केस पुरते भिजू द्यायचे.
शॅम्पू थेट टाळूवर नाही, मगातल्या पाण्यात मोडून.
कपाळापासून मागे, लहान लहान वर्तुळं.
कानामागे जरा थांबायचं, तिथे तिला आवडतं
(सांगितलं नाही तिनं, मान कलली).
लांब केसांतून ब्रश ओढायचा नाही,
गुंता होतो, आणि दिवसभर ऐकून घ्यावं लागतं.
नखं नाहीत. घाई नाही.
पण सातला नळ जातो.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला
भोवऱ्याच्या डावीकडे दाते अडखळले.
फेस बाजूला केला. एक व्रण,
बोटाच्या पेराएवढा, पांढरा, बिनकेसांचा.
"हे काय?"
"ते होय. कपाटाचं दार. तीन टाके.
अनिकेत दुसरीत होता."
"मला कसं माहीत नाही?"
"सांगितलं होतं. तुम्ही जेवत होता.
हं म्हणालात."

बादलीत पाणी पडत राहिलं.
त्या पेरभर जागेच्या काठाकाठानं
मी ब्रश फिरवत राहिलो,
शिक्का मारण्याआधी
काटा स्थिर व्हायची वाट बघत थांबायचो, तसा.
"डोळ्यात जातंय," ती म्हणाली.
तेव्हा कुठे मग उचलला.

मागच्या मंगळवारी हात वर गेला.
आधी कानाशी, मग कानावर,
मग थेट भोवऱ्यापर्यंत.
दोघांनीही पाहिलं, कुणी काही बोललं नाही.
मला वाटलं, संपलं आपलं काम.
ब्रश धुऊन कडीनं नळाला अडकवून दिला.

आज सहा वीसला न्हाणीतून हाक:
"या इकडे. बसा."
स्टुलावर मी. डोक्यावर
हिशेबाला उरावेत इतकेच केस.
गार पाणी, मग जांभळे दाते,
मग तो उजवा हात, अजून थोडा थरथरता.
"सांगा साहेब," मागून आवाज,
"काटा बरोबर आहे?"

तोंड उघडलं तर फेस आत गेला.
हं, एवढंच निघालं.
"हं नको," ती म्हणाली. "नीट सांगा."